व्हीआर घेऊ का? आधी तुम्हाला एसटी लागते का ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा: घरी पीएस५ (सोनीचा गेम खेळायचा प्लेस्टेशन ५) आहे, चाळीसेक हजार बाजूला पडलेत, व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारा डबा, घ्यावा का? गेमिंगचं भविष्य व्हीआरच आहे असं दहा वर्षं ऐकतोय, मग ओळखीतल्या एकाकडेही तो का दिसत नाही? आणि जाता जाता, हल्लीचे मोठे गेम इतके कंटाळवाणे का झालेत?

माझं पोट व्हीआरवर आहे. पुण्यात कारखान्यांसाठी ट्रेनिंगचे सिम्युलेटर बनवतो. वेल्डिंग, आग लागली तर बाहेर कसं पडायचं, क्रेनखाली कुठे उभं राहायचं नाही, असले प्रकार. दिवसभर लोकांच्या डोक्यावर हेडसेट चढवतो आणि उतरवतो. रात्री घरी आल्यावर गेम खेळतो ते मात्र बहुतेक वेळा सोफ्यावर रेलून, साध्या टीव्हीवर. माझं अर्धं उत्तर इथेच आलं.

उरलेलं अर्धं थेट सांगतो. कथेचे लांबलचक गेम आवडत असतील, कामावरून आल्यावर पाय पसरून खेळायची सवय असेल, तर घेऊ नका. महिन्याभरात हेडसेट कपाटाच्या वरच्या फळीवर जाईल. गाड्यांचे किंवा विमानांचे सिम्युलेटर खेळत असाल तर डोळे झाकून घ्या. घाम गाळायची हौस असेल तरी घ्या. 'हेच भविष्य आहे' म्हणून मात्र घेऊ नका.

व्हीआरचं गाडं अडतं ते एकाच प्रश्नाशी: चालायचं कसं? पडद्याचा स्पष्टपणा, वजन, बॅटरी, किंमत यांवर दरवर्षी काम होतं आणि फरकही दिसतो. चालण्याचा प्रश्न २०१६ साली जिथे होता तिथून फारसा हललेला नाही. टीव्हीवर खेळताना कंट्रोलरवरची स्टिक पुढे ढकलली की पडद्यावरचा माणूस पळतो, तुम्ही बसलेले असता आणि कुणाचंच काही बिघडत नाही. हेडसेट घालून तेच करा. घाटात एसटी लागते तेव्हा शरीर वळणावळणाने हलत असतं आणि डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ ढिम्म असते. इथे उलटं. डोळे म्हणतात पळतोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण तर जागेवरच आहोत. मेंदूला हा घोळ मानवत नाही. आधी कपाळावर घाम येतो, मग जांभया, मग तोंडात लाळ जमते. तिथे थांबला नाहीत तर पुढचा अर्धा दिवस गेला.

यावर गेमवाल्यांनी काढलेले उपाय तुम्ही कुठल्याही व्हीआर गेमच्या सेटिंगमध्ये पाहाल. टेलिपोर्ट, म्हणजे चालायचं नाहीच, हात रोखून जमिनीवर एक जागा दाखवायची आणि तिथे जाऊन पडायचं. वळताना सलग न वळता तीस-पंचेचाळीस अंशांचे झटके देणं. धावताना नजरेच्या कडा काळ्या करणं, कारण हालचाल आपल्याला मुख्यतः डोळ्यांच्या कडेने जाणवते. तिन्ही उपाय चालतात, पण तिन्ही गेममधून काहीतरी काढून घेतात. शत्रू मागे लागलाय आणि तुम्ही टुणकन दुसऱ्या खोलीत प्रकट होताय, यात भीती ती काय उरणार?

आमच्या धंद्यात याचं उत्तर सोपं आहे: माणसाला फार चालवायचंच नाही. वेल्डर एका जागी उभा, हातात वेल्डिंगचा टॉर्च (खरं तर कंट्रोलर), समोर जोड. डोळ्यांना दिसतं तेच हात करतो. पंचावन्न वर्षांचे, आयुष्यात कधी गेम न खेळलेले फिटर काका हेडसेट घालतात आणि दोन मिनिटांत बाहेरच्या जगाला विसरतात. एकाने काम झाल्यावर समोरच्या टेबलावर टॉर्च ठेवला. टेबल अर्थातच नव्हतं, कंट्रोलर थेट फरशीवर. तेव्हापासून कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय मी कुणाला सुरुवात करू देत नाही. तुम्हीही देऊ नका.

आता गेमकडे या. व्हीआरमध्ये जे टिकले त्यांची नावं काढून पाहा. 'बीट सेबर' चेक प्रजासत्ताकातल्या छोट्या टीमने २०१८ मध्ये आणला. जागेवर उभं राहायचं आणि समोरून येणारे ठोकळे तालात कापायचे. चालणं शून्य. पुढच्याच वर्षी फेसबुकने अख्खी कंपनी विकत घेतली. गाड्यांच्या शर्यतीचा 'ग्रॅन टुरिस्मो ७' पीएसव्हीआर२ वर, म्हणजे पीएस५ ला जोडायच्या सोनीच्या हेडसेटवर: तुम्ही खऱ्या आयुष्यात खुर्चीत बसलेले, गेममध्येही गाडीच्या सीटवर बसलेले. कॉकपिट डोळ्यांसमोर स्थिर राहत असल्यामुळे बऱ्याच जणांना त्रास कमी होतो, आणि मान वळवून आरशात मागचा गडी बघता येतो. फ्लाइट सिम्युलेटरचंही तसंच.

'गोरिला टॅग' या माकडांच्या पकडापकडीच्या गेमचं कौतुक तर वेगळंच करावं लागेल. ग्राफिक्स २००० सालच्या आसपासचे वाटावेत असे, माकडांना पाय नाहीत, स्टिकने चालायची सोयच नाही. हातांनी जमीन ढकलायची, भिंतीला रेटा द्यायचा, फांद्यांना रेटा देऊन उड्या मारायच्या. हात जितक्या जोराने माराल तितके पुढे जाल. पहिल्या दिवशी त्रास होतो, नाही असं नाही, पण हालचाल तुमच्याच दंडातून निघालेली असल्याने मेंदू ती लवकर पचवतो. परदेशातली दहा-बारा वर्षांची पोरं दिवसदिवसभर हे खेळतात. प्रचंड पैसा आणि मोठमोठे स्टुडिओ ज्या प्रश्नाशी झगडत होते, त्याचं एक उत्तर या ओबडधोबड माकडाने दिलं.

'हाफ-लाइफ: अॅलिक्स' (मार्च २०२०) याला अपवाद म्हणतात, कारण तो खराखुरा मोठा, कथा असलेला गेम आहे. पण तो नीट खेळून बघा. तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यात तुम्हाला पळवलेलंच नाही. वेग संथ, जागा अरुंद, आणि सगळी करामत हातांत. लांबची वस्तू मनगटाच्या झटक्याने ओढून झेलायची, कपाट उघडून गोळ्या शोधायच्या, बंदूक स्वतः भरायची, तीही घाबरलेल्या बोटांनी. सुरुवातीलाच एका खोलीत काचेवर मार्कर ठेवलेले आहेत. मी ज्यांना ज्यांना हा गेम दिला ते तिथेच अडकले, काचेवर नाव लिहीत. देवनागरीत सही करणारे, गणपती काढणारे, सगळे पाहिलेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर एका गणिताच्या शिक्षकाने त्याच काचेवर कोनांचा धडा घेतला होता. पुढे एलियन वगैरे वाट बघत असतात, पण त्या मार्करपाशीच व्हीआरची खरी गंमत कळते.

मग 'भविष्य, भविष्य' हा गजर कुठून आला? पैशातून. १९९५ मध्ये निन्टेंडोने 'व्हर्च्युअल बॉय' काढला होता, काळ्यावर लाल रंगात दिसणारा. वर्षभराच्या आत गुंडाळला. त्यानंतर बराच काळ कुणी फारसं नाव घेतलं नाही. २०१२ मध्ये ऑक्युलस कंपनीने रिफ्ट या हेडसेटसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर सुमारे २४ लाख डॉलर गोळा केले, २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे दोन अब्ज डॉलरला ती कंपनी घेतली आणि २०१६ मध्ये रिफ्ट, व्हाइव्ह आणि पीएसव्हीआर हे तीन हेडसेट एकाच वर्षात बाजारात आले. २०२१ मध्ये फेसबुकने नावच बदलून मेटा केलं. हे काम बघणाऱ्या मेटाच्या रिॲलिटी लॅब्स विभागाचा तोटा २०२३ मध्ये १६ अब्ज डॉलरच्या वर गेला, २०२४ मध्ये १७ अब्जांच्या वर. इतका पैसा ओतणारा माणूस हे भविष्य आहे असं म्हणणारच. न म्हणून सांगतो कुणाला?

मेटाच्या होरायझन वर्ल्ड्स या आभासी जगातल्या अवतारांना कमरेखाली काही नव्हतं, आठवतंय? लोकांनी यथेच्छ टर उडवली. कारण साधं होतं: डोक्यावरच्या हेडसेटच्या कॅमेऱ्यांना हात दिसतात, पाय नीट दिसत नाहीत. २०२२ मध्ये झकरबर्गने पाय येत असल्याची उडी मारून घोषणा केली, आणि मग कळलं की तो व्हिडिओ मोशन कॅप्चरने, म्हणजे माणसाची हालचाल वेगळी टिपून, बनवला होता. पाय आले ते २०२३ मध्ये, तेही अंदाजाने हलणारे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, आणि अडली कुठे तर पायांशी!

हा पैसा आटू लागला की काय होतं, याचं उदाहरण मेटाचा 'एको व्हीआर'. गुरुत्वाकर्षण नसलेल्या मैदानात तबकडी फेकून गोल करायचा खेळ, भिंती धरून स्वतःला ढकलायचं. चालण्याच्या प्रश्नाची इतकी देखणी सोडवणूक मी दुसरी पाहिलेली नाही. गोरिला टॅगच्या हालचालीत त्याची छाप सरळ दिसते. १ ऑगस्ट २०२३ रोजी मेटाने सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. विकत घ्यायला, जपून ठेवायला काही उरलंच नाही. वर्षभराने तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला. सोनीनेही २०२४ मध्ये व्हीआरवर काम केलेला आपला लंडन स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं.

इथेच तुमचा तिसरा प्रश्न येतो, कारण एको व्हीआरला जो रोग लागला तोच टीव्हीवरच्या मोठ्या गेमना लागलाय. प्रत्येक प्रकाशकाला कायम चालणारा गेम हवा: दर काही महिन्यांनी नवा सीझन, खेळत राहिलात तर बक्षिसं देणारा बॅटल पास, पात्राचं रूप बदलणाऱ्या स्किन, रोज लॉगिन करा नाहीतर बक्षीस हुकेल. असला गेम लागला तर पैशांचा पाऊस, नाही लागला तर सोनीचा 'कॉन्कॉर्ड'. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद, सगळ्यांचे पैसे परत. वर्षानुवर्षांचं काम आणि आयुष्य दोन आठवड्यांचं. तुम्हाला कंटाळा येतो कारण हे गेम खेळून संपावेत म्हणून बनवलेलेच नसतात. तुम्ही बाहेर पडू नये म्हणून बनवलेले असतात. संध्याकाळी तासभर मोकळा मिळणाऱ्या माणसाला ती दुसरी नोकरीच.

आणि गंमत अशी की त्याच काळात लोकांनी डोक्यावर घेतले ते गेम कुठले? 'बालाट्रो', एका माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम, २०२४. 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३', फ्रान्समधल्या नव्या, छोट्या स्टुडिओचा, २०२५, आळीपाळीने वार करायच्या जुन्या पद्धतीचा, वर्षाचा सर्वोत्तम गेम तोच ठरला. म्हणून मला कुणी ट्रेंड विचारला तर मी मोठ्या कंपन्यांच्या घोषणा बघतच नाही. चाळीस-पन्नास डॉलरच्या आतले, शेवट असलेले, एका कल्पनेवर उभे राहिलेले गेम बघा.

दुसरी गोष्ट मालकीची. यूबीसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, त्यासोबत पैसे देऊन घेतलेला गेम निकामी झाला, आणि त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपात २०२५ च्या जुलैमध्ये तिच्या याचिकेने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. व्हीआर घेणाऱ्याने तर हे कायम ध्यानात ठेवावं. टीव्हीवरचा गेम बंद पडला तर निदान टीव्ही उरतो. हेडसेटचं दुकान बंद पडलं तर हेडसेटही पेपरवेट.

आपल्याकडचं चित्र अजून वेगळं. इथे गेमिंग म्हणजे मोबाइल. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये गेला, मे २०२३ मध्ये परतला, आणि या सगळ्या काळात पोरं कट्ट्यावर खेळतच राहिली. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, ड्रीम११ वगैरेंना पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या; त्याचा तुमच्या पीएस५ शी काही संबंध नाही, घरच्यांना तेवढं समजावून सांगा. पुण्यातल्या स्टुडिओंनी 'राजी' (२०२०) केला, 'इंडस' (२०२४) केला, दोन्ही सपाट पडद्यावरचे. बरोबरच केलं. ज्या देशात हेडसेट शोधावा लागतो तिथे त्याच्यासाठी गेम बनवून विकायचा कुणाला?

तरी एक आपला प्रकार व्हीआरला चपखल बसतो: क्रिकेटची बॅटिंग. हैदराबादच्या कंपनीचा 'आयबी क्रिकेट' खेळून बघा. क्रीजमध्ये उभं राहायचं, चेंडू येतो, बॅट फिरवायची. चालायचा प्रश्न येतच नाही. पहिला बाउन्सर आला की माणूस मान खाली घालतोच, मग त्याने मनात कितीही ठरवलेलं असो.

आता घरचं. जाहिरातीतल्या घरांना छताचा पंखा नसतो. आपल्याकडे असतो, आणि बीट सेबरमध्ये हात वर गेला की काय होईल ते सांगायला नको. आधी खुर्चीवर न चढता, जागेवर उभे राहून कंट्रोलर धरलेला हात सरळ वर करा. पात्यांना पोचत असेल तर ती खोली बाद, किंवा पंखा बंद करून पायथ्याशी टेबल फॅन लावा. टेबल फॅनचा आणखी एक फायदा: तोंडावर वारा येतो त्या बाजूला पुढचं तोंड, हे शरीराला कळत राहतं, भिंतीकडे सरकत जाणं कमी होतं आणि मळमळही थोडी उशिरा येते. काही जण आल्याचा तुकडा चघळतात. मला फरक जाणवलेला नाही.

जागा साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी लागते. पलंग, शोकेस आणि दिवाण यांच्यामधून एवढी काढायची म्हणजे एखादं भांडण नक्की. कपाटाचा मोठा आरसा समोर असेल तर चादर टाका, ट्रॅकिंग, म्हणजे हेडसेटचं तुमची जागा आणि हात ओळखणं, गोंधळतं. मेटाच्या क्वेस्ट या हेडसेटमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सीचं सेटिंग आहे, ट्यूबलाइटखाली हात थरथरताना दिसले तर ते ५० हर्ट्झवर करा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. आणि हेडसेट खिडकीत कधीही ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की आतल्या पडद्यावर कायमचा डाग पडतो, तो कुणी दुरुस्त करून देत नाही.

'धूसर दिसतं' ही तक्रार मला रोज ऐकू येते. बहुतेकदा हेडसेट नाकावर फार वर बसलेला असतो. मागचा पट्टा कवटीच्या खालच्या खोबणीत बसवा, मग पुढचा भाग अक्षरं धारदार होईपर्यंत मिलिमीटरभर वरखाली करा. त्यानंतर दोन बुबुळांमधलं अंतर जुळवा. चष्म्याच्या दुकानात ते फुकट मोजून देतात. क्वेस्ट ३ मध्ये ते चाक फिरवून जुळतं; क्वेस्ट ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत, तुमचं माप मधेच कुठे पडलं तर डोळे दुखणार. चष्मा असेल तर काचा भिंगाला घासत नाहीत ना ते बघा, प्लॅस्टिकच्या भिंगावर ओरखडा लगेच पडतो.

मुलांचं म्हणाल तर मेटा दहा वर्षांखाली नको म्हणते, सोनी बारा. मी बारा धरतो, तेही पंधरा-वीस मिनिटं.

कुठला घ्यायचा? पीएस५ आहे, तर पीएसव्हीआर२ हा सरळ रस्ता. ओएलईडी पडदा, काळा रंग खरंच काळा, एक वायर जोडली की झालं. ग्रॅन टुरिस्मोसाठी याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण नवीन गेम येण्याचा वेग मंदावलाय, जुन्या पीएसव्हीआरचे गेम यावर चालत नाहीत, आणि २०२५ मध्ये मेटाने प्लेस्टेशनवरच्या बीट सेबरला नवीन अपडेट देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. स्टीअरिंग व्हील नसेल आणि घ्यायचं मनात असेल, तर आधी व्हील घ्या. टीव्हीवरही ते वसूल होईल.

क्वेस्ट ३ किंवा ३एसला पीएस५ लागत नाही आणि पीएस५ चे व्हीआर गेम त्यावर चालतही नाहीत. वायर नाही, खेळांची यादी सगळ्यात मोठी. अमेरिकेत ३एस २९९ डॉलरला निघाला, ३ हा ४९९ ला. आपल्याकडे क्वेस्ट वर्षानुवर्षं आयात करणाऱ्यांमार्फतच मिळत आलाय, त्यामुळे गुणाकार करून येणाऱ्या आकड्यापेक्षा बराच महाग पडतो आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. घेताना बॉक्स तिथेच उघडा. दोन्ही भिंगांवर टॉर्च मारून ओरखडे बघा, दोन्ही कंट्रोलरच्या स्टिक सोडल्यावर आपोआप सरकतात का ते पाहा, बॅटरी शंभरावरून ऐंशीवर यायला किती वेळ लागतो ते बसून मोजा. पूर्ण बॅटरी दोन तासांच्या आसपास जायला हवी. फोन आत घालायच्या हजार-दीड हजारांच्या चष्म्यांवर हा अनुभव जोखू नका. त्यात डोकं फिरवलेलं कळतं, पुढे झुकलेलं कळत नाही, आणि मळमळीची खात्री.

व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये 'स्टीम फ्रेम' जाहीर केला. या हेडसेटमध्ये व्हीआर गेमबरोबर स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानातले साधे गेमही मोठ्या काल्पनिक पडद्यावर बसून खेळता येतील, यावर त्यांनी बराच भर दिलाय. हेडसेट बनवणारेही आता सोफ्यावर बसायचं म्हणतायत, यातून काय समजायचं ते समजा. पीसी चांगला असेल तर थांबायला हरकत नाही. तुमच्याकडे पीसीचा उल्लेख नाही, म्हणून तुमच्यासाठी तो बाद.

आणि पैसे देण्याआधी मॉलमध्ये किंवा व्हीआर पार्लरमध्ये जाऊन अर्धा तास खेळा. रोलर कोस्टर लावून देतील, तो नको म्हणा, त्याने कुणालाही मळमळतं. ज्यात स्टिकने चालावं लागतं असा गेम मागा. दहा मिनिटांत कपाळ ओलं झालं तर हेडसेट काढा, पाणी प्या, तासभर गाडी चालवू नका. असे बरेच जण रोज पंधरा मिनिटं खेळून दोन-तीन आठवड्यांत सरावतात, काही जण कधीच सरावत नाहीत. तुम्ही कुठल्या गटात आहात ते ठाऊक होईपर्यंत चाळीस हजार बँकेत राहू द्या.